हिंसक खेळ आणि लहान मूल : निवाडा कोणी व कशावरून करावा?



पाच-सहा वर्षांचे मूल मोबाईलच्या पडद्यावर बंदूक चालवीत बसले आहे, हे दृश्य आज शहरात आणि खेड्यात सारखेच दिसते. त्यावर वडीलधाऱ्यांच्या प्रतिक्रिया दोन. कोणी म्हणतो, ‘हे पोर उद्या गुंड होणार.’ कोणी म्हणतो, ‘खेळच तो, खेळू द्या, निदान गप्प तरी बसते.’ पहिल्या प्रतिक्रियेत भय आहे, दुसरीत सोय आहे. विचार दोहोंतही नाही. आणि विचार करायचा तर आधी प्रश्न नीट मांडला पाहिजे.

व्हिडिओ गेममधील हिंसेमुळे मुले गुन्हेगार होतात काय, या प्रश्नावर मानसशास्त्रज्ञांमध्ये दीर्घकाळ वाद चालू आहे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०१५ साली ठराव करून अशा खेळांचा आक्रमक वर्तनाशी संबंध असल्याचे म्हटले होते. २०२० साली तिने त्या ठरावाची फेरमांडणी केली. ढकलाढकली, आरडाओरडा यांसारख्या वर्तनाशी लहानसा पण सातत्याने आढळणारा संबंध दिसतो. प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर मात्र या खेळांवर फोडण्याइतका पुरावा नाही, असा तिचा निष्कर्ष आहे. तेव्हा गुंडगिरीचे भय दाखवून मुलांच्या हातचा खेळ काढून घेणाऱ्यांना शास्त्राचा आधार नाही. परंतु एखादी गोष्ट मुलाला खुनी बनवीत नाही, एवढ्यावरून ती त्याच्या वयाला योग्य ठरते काय? योग्यायोग्यतेचा प्रश्न गुन्हेगारीच्या प्रश्नाहून वेगळा आहे, आणि पालकांना रोज सोडवावा लागतो तो हाच.

हा प्रश्न अमेरिकेत प्रथम मोठ्या प्रमाणावर गाजला. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या खेळात विजेता पराभूताचे मुंडके पाठीच्या कण्यासकट उपटून काढीत असे. अशा खेळांविषयी डिसेंबर १९९३ मध्ये सिनेटर लीबरमन आणि कोल यांनी सिनेटमध्ये सुनावणी घडवून आणली. सरकार कायदा करील या धास्तीने उद्योगाने १९९४ साली आपलेच मानांकन मंडळ स्थापन केले. पुढे कॅलिफोर्नियाने २००५ साली असे खेळ अठरा वर्षांखालील मुलांना विकण्यास कायद्याने मनाई केली. २०११ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा रद्द ठरविला. बहुमताचा निकाल लिहिताना न्यायमूर्ती स्कालिया यांनी ग्रिमबंधूंच्या परीकथांचा दाखला दिला. मुलांच्या गोष्टींत क्रौर्य पूर्वापार आहे, मग खेळांनाच वेगळा न्याय का, असा त्यांचा युक्तिवाद होता.

युक्तिवाद वजनदार आहे, आणि मराठी घराला तर तो लगेच पटेल. अभिमन्यूचा वध येथील मुले आजीच्या मांडीवर बसून ऐकत आली. दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर तोफा आणि मावळे मांडण्यात पिढ्यान् पिढ्या रमल्या. पण या उदाहरणांतच त्याचे उत्तरही आहे. महाभारतात युद्धानंतर स्त्रीपर्व येते. गांधारी रणांगणावर उभी राहून शोक करते आणि जिंकलेल्यांनाही त्या शोकापुढे मान खाली घालावी लागते. गोष्ट सांगणारी आजी मुलाचा चेहरा पाहून थांबते, त्याच्या प्रश्नाला उत्तर देते, कधी प्रसंग गाळूनही टाकते. किल्ल्याच्या मातीत चार घरची पोरे एकत्र राबतात. नेमबाजीच्या अनेक खेळांत मेलेला माणूस क्षणात पडद्यावरून नाहीसा होतो आणि कोपऱ्यात गुण वाढतात. तेथे त्याची आई नाही, त्याच्यासाठी रडणारे कोणी नाही, आणि मुलाला शंका विचारायलाही जवळ कोणी नाही. मारणे हे तेथे बक्षीस मिळविण्याचे साधन आहे. हिंसा दाखविली जाते काय, यापेक्षा तिची किंमत दाखविली जाते काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

त्यात वयाचे महत्त्व मोठे. स्वीस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी दोन ते सात या वर्षांतील बालमनाचे वर्णन करताना दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे या वयात अवघड जाते, हे दाखवून दिले. पंधरा वर्षांच्या मुलाला खेळातील मृत्यू लटका आहे हे पक्के ठाऊक असते. पाच वर्षांच्या मुलाची ती जाण अजून घडत असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर बसण्याची कमाल मर्यादा दिवसाला एक तास सांगितली. पडद्यावर काय आहे, हा प्रश्न त्याही नंतरचा.

आणखी एक बाजू अर्थकारणाची. खेळ फुकट मिळतो, मग कंपनी चालते कशावर? ‘फोर्टनाइट’ची निर्माती एपिक गेम्स हिने २०२२ साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा करणे आणि खेळणाऱ्यांना फसव्या रचनेने खरेदीत ओढणे, असे आरोप होते. मुलांचे अनोळखी माणसांशी संभाषण आपोआप चालू राहील अशी त्या खेळाची मांडणी होती, असाही आयोगाचा आक्षेप होता. अशा बाजारात योग्यायोग्यतेचा निवाडा विक्रेत्यावरच सोपविणे शहाणपणाचे नाही.

भारतात काय घडले? मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी ‘पब्जी’वर बंदी घातली आणि खेळणाऱ्या काही तरुणांना अटक केली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲप बंद केली, त्यांत पब्जीही होता. परंतु कारण देशाच्या सार्वभौमत्वाचे व सुरक्षिततेचे होते, मुलांचे नव्हे. २०२५ साली संसदेने केलेल्या कायद्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळण्यावर आहे. चित्रपटाला प्रमाणपत्र सक्तीचे आहे आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्यात सात, तेरा व सोळा वर्षे असे टप्पेही आले. खेळांना तसे बंधन नाही. मोबाईलवर दिसणारे वयाचे आकडे बहुधा निर्मात्याने भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरतात. त्याच पब्जीला अमेरिकन मंडळ तेरा वर्षांवरील मुलांसाठी योग्य म्हणते, तर युरोपीय मंडळ सोळा वर्षांवरील. आकड्याचा उपयोग आहे, पण त्याने पालकांचा विचार संपत नाही.

म्हणून पालकांनी प्रथम तो खेळ स्वतः अर्धा तास खेळून पाहावा आणि चार गोष्टी तपासाव्यात. मारल्याबद्दल बक्षीस आहे काय? वेदनेचा आणि परिणामाचा मागमूस आहे काय? अनोळखी माणसे मुलाशी बोलू शकतात काय? खेळ थांबविता येतो काय, की पुन्हापुन्हा पैसे व वेळ मागतो? सात-आठ वर्षांखालील मुलासाठी यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल आले तर तो खेळ दूर ठेवावा. मोठ्या मुलाशी मात्र हुकमाऐवजी चर्चा करावी.

परंतु सारा भार आईबापांवर टाकणे अन्यायाचे होईल. दिवसभर कारखान्यात किंवा दुसऱ्याच्या घरी राबून आलेली आई मुलाच्या हाती मोबाईल देते, तेव्हा तिला बोल लावण्यापूर्वी वस्तीतील मैदान कोठे गेले, हे विचारले पाहिजे. कार्यकर्त्यांना येथे पुष्कळ करता येईल. पालकसभेत हे चार प्रश्न समजावून सांगावेत, नगरपालिकेकडे मैदानाचा हट्ट धरावा, संध्याकाळी मुलांसाठी तासभर काढावा, आणि खेळांच्या वर्गीकरणासाठी पालक, शिक्षक व बालमानसतज्ज्ञ यांचे स्वतंत्र मंडळ असावे अशी मागणी लावून धरावी. बंदीचा हुकूम एका दिवसात निघतो. मुलाला मोबाईल ठेवून धावत बाहेर यावेसे वाटेल असे अंगण उभे करायला वर्षे लागतात, आणि त्या कामाला आजच हात घातला पाहिजे.