व्हीएचएस फितीवरून डीव्हीडीकडे



घराघरांतील कपाटांत विवाह, पारणी, वरघोडे यांच्या व्हीएचएस कॅसेट अद्याप पडून आहेत. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये आणलेल्या या पद्धतीचे व्हीसीआर बनविणे २०१६ मध्ये फुनाई या अखेरच्या कंपनीनेही थांबविले. चालू यंत्र हाती आहे तोवरच दिवंगत वडीलधाऱ्यांचा आवाज या फितींतून ऐकू येईल.

मोलगीसारख्या सातपुड्यातील गावी पावसाळी ओलावा हाच फितीचा मोठा शत्रू. फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसल्यास कॅसेट मुळीच चालवू नये; ती बुरशी यंत्रात शिरून पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. अशी कॅसेट जाणकाराकडेच सोपवावी. चांगल्या कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी आधी मोडावी, म्हणजे चुकूनही तिच्यावर नवे मुद्रण होणार नाही.

जोडणी सोपी आहे. चूक होते ती दिशेची. व्हीसीआरच्या ‘आउट’मधून निघालेली तार डीव्हीडी रेकॉर्डरच्या ‘इन’मध्ये जावी: पिवळी चित्रासाठी, लाल व पांढरी ध्वनीसाठी. रेकॉर्डर आता जुनाच शोधावा लागतो. न मिळाल्यास संगणकाला जोडायचे कॅप्चर उपकरण चालते. घाई मात्र चालत नाही. तीन तासांच्या फितीस तीनच तास लागतात, आणि साध्या डीव्हीडीत चांगल्या दर्जाचे सुमारे दोनच तास मावतात.

डीव्हीडीही चिरकाल टिकत नाही. दुसरी प्रत हार्ड डिस्कवर घ्यावी. मूळ कॅसेट टाकू नये, कोरड्या जागी उभी ठेवावी.