जळगावला चाललं, धुळ्याला अडलं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘कॉम्प्युटरवर बोला, पण सगळ्यांना कळेल असं बोला,’ असं संयोजकांनी मला बजावलंय. म्हणून नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात देतो तोच सराव आणलाय. शब्दातलं एक अक्षर बदलायचं, एवढंच. फक्त शब्द आपल्याकडचे घेऊ.

मजकुराच्या तुकड्याला प्रोग्रामिंगमध्ये स्ट्रिंग म्हणतात. मण्यांची माळ समजा. पायथॉनमध्ये या माळेतला मणी जागच्या जागी बदलता येत नाही, तसं करू गेलं की कॉम्प्युटर चूक दाखवतो. आधीचे मणी घ्यायचे, नवा घालायचा, पुढचे जोडायचे. नवी माळ तयार होते आणि जुनी जशीच्या तशी राहते.

आता ‘जळगाव’ घ्या. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. दुसरा मणी काढून ‘य’ घातला की ‘जयगाव’. शाबास! तोच प्रोग्राम ‘धुळे’वर चालवला तर काय येतं? ‘धयळे’. धुळेकरांनीही हसायला हरकत नाही. आपल्याला ‘धुळे’ दोन अक्षरांचं दिसतं, पण युनिकोडच्या हिशेबात ते चार मणी आहेत : ध, उकार, ळ, एकार. दुसरा मणी उकार, तोच उडाला. इंग्रजी शब्दांवर सराव करणाऱ्या मुलाला हे कधी कळतच नाही.

मग जागा मोजायची नाही, अक्षर शोधायचं. पायथॉनमध्ये त्यासाठी ‘रिप्लेस’ आहे : जिथे ‘ळ’ तिथे ‘य’. धुळेचं धुये, डोळाचं डोया, काळाचं काया. मुलं खूश! मराठीची अहिराणी करणारं यंत्रच सापडलं म्हणतात. मग मी ‘डोळ्यात’ देतो. यंत्र म्हणतं ‘डोय्यात’. आजी म्हणते ‘डोयामा’. तो ‘मा’ आणायचा तर अक्षरं बदलून भागत नाही, व्याकरण लागतं.

खरा पेच उलट्या दिशेला आहे. बोलीतला मजकूर ‘शुद्ध’ करायचा म्हणून कुणी ‘य’चा ‘ळ’ केला, की ‘माय’ची ‘माळ’ होते आणि ‘जय खान्देश’चा ‘जळ खान्देश’! आणि ‘काया’ म्हणजे काळा की शरीर? प्रोग्रामला विचारून उपयोग नाही, कारण ‘ळ’ गेला तेव्हा त्याची खूण कुठेच राहिली नाही. ते वाक्य वाचणाऱ्या माणसालाच कळणार.

आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांच्या बोलीतही ‘ळ’चा ‘य’ होतो. त्या १९५१ साली गेल्या, गाणी पुस्तकरूपात आली १९५२ साली. सोपानदेवांनी ती त्या बोलीतच राहू दिली, हे माझ्या मते खान्देशावर मोठे उपकार आहेत. तेव्हा ‘शुद्ध’ प्रतच तेवढी उरली असती, तर मूळ गाणी आज कुठल्या प्रोग्रामने परत आणली असती?

तुमच्यापैकी काहींच्या घरी आईच्या, आजीच्या ओव्या आणि लग्नातली गाणी वहीत असतील. टाइप करताना फोन शब्द ‘सुधारतो’, तेवढं बंद ठेवा. वहीचे फोटो वेगळे जपा आणि बदल करायचेच तर दुसऱ्या प्रतीत करा. ज्यांना टाइप करणं जमणार नाही, त्यांनी जेवणानंतर मला भेटा. माझे विद्यार्थी टाइप करून देतील, आणि ‘य’ला हात लावणार नाहीत.