होडीचा पंखा कसा निवडावा



आज आपण होडीच्या पंख्याविषयी बोलू. पंखा दिसायला लहान. तो असतो पाण्याखाली. त्यामुळे त्याच्याकडे कोणी फारसे बघत नाही. इंजिन किती घोड्यांचे, हे सगळे विचारतात. पंखा कोणता, हे कोण विचारतो? पण इंजिनाचे बळ पाण्याला देतो, तो पंखाच.

आधी आमचीच चूक सांगतो. आम्ही खाडीत जिताडा धरायला जातो. आमच्या होडीला मागच्या बाजूला छोटे इंजिन आहे. त्याचा पंखा एकदा खडकाला लागून मोडला. दुकानदार म्हणाला, "हा दुसरा न्या. याने होडी पळेल." आम्ही नेला. रिकामी होडी खरेच पळाली. आम्हीही खूश झालो.

पुढे एके दिवशी खाडीच्या तोंडाशी होतो. होडीत चार माणसे, ओली जाळी आणि भरलेली बर्फाची पेटी. आभाळ भरून आले. घरी परतावे, तर ओहोटीचे पाणी समोरून जोरात येत होते. इंजिन पुरते उघडले. ते घुमू लागले, धूर ओकू लागले. होडी काही पुढे सरकेना. शेवटी पाण्याची ओढ कमी असते, तशा काठाने आलो. वल्हीही मारली. तेव्हा कुठे घर दिसले.

इंजिन चांगले होते. पंखाही चांगला होता. पण दोघांची जोडी जमत नव्हती.

असे का झाले? पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. आमच्या त्या पंख्यावर ९ × ११ असे होते. पहिला आकडा रुंदीचा. पंखा फिरताना जे वर्तुळ होते, ते ९ इंच रुंद. दुसऱ्या आकड्याला 'पीच' म्हणतात. स्क्रू लाकडात पिळला, की प्रत्येक फेऱ्याला थोडा आत जातो ना? तसाच पंखा पाण्यात पुढे जातो. पीच ११, म्हणजे एका फेऱ्यात ११ इंच. पण पाणी लाकडासारखे घट्ट नसते. त्यात पंखा थोडा घसरतो. म्हणून प्रत्यक्षात अंतर कमीच पडते.

पीच जास्त, तर प्रत्येक फेऱ्याला इंजिनावर ओझे जास्त. एसटीची गाडी घाट चढते, तेव्हा ड्रायव्हर काय करतो? गिअर खाली टाकतो. वरच्या गिअरमध्ये गाडी घाटात गुदमरते. आमची होडी भरल्यावर तशीच गुदमरत होती.

मग आम्ही मेकॅनिकला बोलावले. नेहमीचा भार होडीत ठेवला. संथ पाण्यात थोडा वेळ इंजिन पुरते उघडले. मेकॅनिकने यंत्राने फेरे मोजले. मिनिटाला ४३०० भरले. इंजिनाच्या पुस्तकात मात्र ४५०० ते ५५०० लिहिले होते. फेरे कमी पडत होते.

पीच एक इंच कमी केला, की साधारण २०० फेरे वाढतात. आम्ही ९ × ९ चा पंखा लावला. फेरे ४७०० च्या आसपास आले. धूर गेला. आता भरलेली होडी ओहोटीलाही दाद देत नाही. रिकामी असताना थोडी हळू पळते, एवढेच.

उलटही घडते. पीच फार कमी असला, तर फेरे पुस्तकातल्या आकड्याच्या वर जातात. त्यानेही इंजिन झिजते. तेव्हा पीच वाढवावा.

पंखा मोठा तितका चांगला, ही समजूत जुनी आहे. इंग्लंडात फ्रान्सिस स्मिथ नावाचा एक शेतकरी होता. त्याने १८३६ मध्ये बोटीसाठी लाकडी स्क्रू तयार केला. त्या स्क्रूला दोन वेढे होते. १८३७ मध्ये लंडनच्या कालव्यात तो आपटून जवळजवळ अर्धा तुटला. आता बोट थांबणार, असे वाटले. पण बोट आणखी जोरात चालू लागली! तेव्हापासून त्याने एका वेढ्याचा स्क्रू घेतला.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा. छोट्या इंजिनाला बहुधा तीन पात्यांचा पंखा असतो. चार पात्यांचा पंखा पाणी घट्ट धरतो, पण वेग थोडा कमी होतो. ॲल्युमिनियमचा पंखा स्वस्त असतो, पण खडकाला लागला की वाकतो. स्टीलचा मजबूत असतो, पण महाग पडतो. वाकलेला पंखा तसाच वापरू नका. होडी थरथरते, तेल जास्त जळते. पंख्यामागे जाळ्याचा धागा अडकला असेल, तर काढा. तो आतले सील कापतो, मग गिअरमध्ये पाणी शिरते. आणि पंख्याला हात लावण्याआधी इंजिन बंद केलेच पाहिजे. बोटे पुन्हा येत नाहीत.

आम्ही दुकानदाराच्या शब्दावर विसंबलो, कारण पंख्यावरचे आकडे आम्ही कधी वाचलेच नव्हते. तुम्हाला आता वाचता येते. ते आकडे बहुधा इंग्रजी असतात. तेवढे दहा आकडे शिकून घ्या. उद्या होडी काठाला लागली, की पंखा पुसा आणि त्यावरचे आकडे वाचा. मग वहीत लिहून ठेवा. नवा पंखा घ्यायला जाल, तेव्हा ती वही बरोबर न्या.