आतड्याचे दुखणे आणि पंडुरोग
(रोहणा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. मॅट्रिक झालेला एक सेवानिवृत्त शाळामास्तर. तरी आज रोगाविषयी बोलतो, कारण प्रसंग घरचाच आहे.

माझ्या पुतणीस शौचावाटे रक्त जाई. मूळव्याध समजून आम्ही दीड वर्ष घालविले. चेहरा पांढराफटक पडला, चार पायऱ्या चढताच धाप लागे. लोहाच्या गोळ्या दिल्या, तो पोट अधिकच बिघडले. हिमोग्लोबिन ७ वर आले तेव्हा कोठे सेवाग्रामास नेले. दुर्बिणीने पाहता मोठ्या आतड्यास व्रण आढळले. विलंबाचे खरे कारण निराळेच होते. ‘लग्नाची मुलगी, बोभाटा नको,’ असे म्हणणाऱ्यांत मीही होतो.

या रोगात रक्त केवळ व्रणांतून जाऊनच कमी होते असे नाही. अंगात दाह असला की यकृत हेपसिडिन नावाचे द्रव्य अधिक निर्माण करते. मग अन्नातील लोह रक्तात शिरत नाही व साठ्यातील लोहही अडकून पडते. स्त्रियांत हिमोग्लोबिन १२ च्या आणि पुरुषांत १३ च्या खाली गेले की पंडुरोग समजतात. परंतु त्याचे कारण शोधण्यास फेरिटिन पाहावे लागते. तेथेही फसगत आहे. दाह नसता ३० च्या खालचा आकडा लोहाची तूट दाखवितो. दाह असता १०० पर्यंतच्या आकड्याआडही तूट लपलेली असू शकते. म्हणून दाह दाखविणारी सीआरपीची तपासणी सोबत हवी. आपल्या विदर्भात सिकलसेलही पुष्कळ कुटुंबांत आढळतो. त्याचीही परीक्षा करून घ्यावी.

रोग शांत व पंडुरोग सौम्य असेल तर गोळ्या चालतात. (गोळीवर लगेच चहा घेऊ नये, हे आमच्या घरी कोणास पटत नाही!) रोग भडकलेला असेल किंवा हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल, तर लोह शिरेवाटे, इस्पितळात देतात. मूळ दाहावरील औषध मात्र चालूच हवे. लहान आतड्याचा शेवटचा भाग बिघडला असल्यास बी-१२ ही कमी पडते. सल्फासॅलाझिन घेणाऱ्यास फॉलिक आम्ल देतात. त्याच्या शोधाचा मुंबईशी संबंध आहे: लुसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ साली तेथे आल्या आणि गरीब गर्भवती स्त्रियांचा एक प्रकारचा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी दाखविले.

पुतणीस शिरेवाटे लोह दिले. आज तिचे हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे. मागील महिन्यात पाहुणे आले, तेव्हा तिने स्वतःच तपासणीचे कागद त्यांच्यापुढे ठेवले. मी मान खाली घालून बसलो होतो. त्यांचे उत्तर अजून यावयाचे आहे.