छंद, यमक आणि कवितेची बांधणी

कवितेच्या छंदाची पारख कानापासून सुरू होते. ओळ मोठ्याने म्हटली की चाल लक्षात येते, थांबण्याची जागा म्हणजे यती सापडते, मोजणी त्यानंतरची. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात मराठी पद्याचे तीन वर्ग मांडले: लघु-गुरूंचा क्रम ठरलेले वृत्त, मात्रांवर चालणारी जाती आणि अक्षरसंख्येवर उभा राहणारा छंद. कविता यांपैकी कोणत्या वर्गातली, हे आधी ठरले नाही तर पुढचा हिशेब फुकट जातो. संस्कृतचे नियमही जसेच्या तसे लावता येत नाहीत. जोडाक्षरामागचे अक्षर मराठीत आघात आला तरच गुरू होते. ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघुच राहतो.

रचना अर्थाला कशी घडवते, हे अभंगात सर्वांत स्पष्ट दिसते. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा चौथा. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत जुळते, चौथा त्याबाहेर राहतो. कानाला जुळणी मिळते न मिळते तोच हा आखूड चरण येतो आणि बोलणे तिथे टेकते. तुकोबांचा रोखठोक निवाडा पुष्कळदा याच चार अक्षरांत असतो. ज्ञानेश्वरीतल्या ओवीतही तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा तोकडा. मात्र अक्षरसंख्या लवचीक असल्याने निरूपणाला ऐसपैस जागा मिळते. जात्यावरची ओवी त्याहून सैल. तिचे माप चालीत असते, नुसती लिहून काढली तर ते हरवते.

भुजंगप्रयात या वृत्ताच्या चरणात बारा अक्षरे. लघु-गुरु-गुरु असा गण चार वेळा. रामदासांच्या मनाच्या २०५ श्लोकांना ही एकसारखी चाल लाभली, म्हणून ते सर्वांना मिळून म्हणता येतात.

केशवसुतांनी मराठीत आणलेल्या सुनीतात चौदा ओळी असतात आणि विचार बहुधा आठव्या ओळीनंतर वळण घेतो. ते वळण शोधणे हेच बांधणीच्या अभ्यासातले मुख्य काम. मर्ढेकरांनी अभंग-ओवीचा जुना घाट यंत्रयुगातल्या माणसाच्या व्यथेसाठी वापरला. तिथे भक्तीची चाल आणि उद्ध्वस्त आशय यांतला ताण कळल्याशिवाय कविता कळत नाही. वृत्ताचे नाव सांगून थांबणारे विश्लेषण अपुरेच.