युद्धाची जखम आणि विडीचा धूर



सातारा आणि सांगली हे फौजींचे जिल्हे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावालाच 'मिलिटरी' हा शब्द जोडला गेला आहे. या पेशाशी आपल्या समाजाचे नातेही जुनेच. सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झाल्यावर साताऱ्यात नोकरीस होते आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाळ भीमरावांचे नाव साताऱ्याच्याच सरकारी शाळेत दाखल झाले. पुढे सैन्यभरतीचे बंद झालेले दार उघडावे म्हणून बाबासाहेब झगडले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ साली श्रीलंकेत वीरमरण आले व मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. वीरांचा गौरव आपण करतोच. आज आम्हांला बोलायचे आहे ते जिवंत परतलेल्यांविषयी.

श्रीलंका, सियाचीन, कारगिल पाहून आलेला माणूस पेन्शनवर घरी येतो. रात्री दचकून उठतो. फटाका वाजला की त्याला दरदरून घाम फुटतो. क्षुल्लक कारणाने संतापतो, लग्नाच्या वरातीत जायचे टाळतो. घरचे म्हणतात, "फौजेत राहून तापट झालाय." वैद्यकशास्त्र या आजाराला आघातोत्तर ताणविकार म्हणते. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहिल्यावर, १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तो अधिकृत यादीत घेतला. भित्रेपणाशी त्याचा काहीही संबंध नाही. पायाला गोळी लागते तशी ही मनाला झालेली जखम आहे.

अशा माणसाच्या हाती बहुधा विडी किंवा सिगारेट असते. झुरका घेताच निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचते आणि त्याला बरे वाटते. थोड्या वेळाने अंमल उतरला की बेचैनी, चिडचिड सुरू होते, झोप उडते. हीच तर त्या आजाराचीही लक्षणे! त्याला वाटते, युद्धाच्या आठवणी उसळल्या, म्हणून तो दुसरी पेटवतो. विडीने शमणारी बेचैनी पुष्कळदा विडीनेच आणलेली असते.

"आधीच त्याचे डोके ठिकाणावर नाही, त्यात विडी सोडवली तर आणखी बिघडेल," असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेत हा आजार असलेल्या ९४३ धूम्रपानी माजी सैनिकांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना त्यांच्या मनोविकारावर उपचार करणाऱ्यांनीच धूम्रपान सोडण्यास मदत केली; उरलेल्यांना त्यासाठी वेगळ्या केंद्रात पाठवले. वर्षभर धूम्रपानापासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८.९ टक्के, तर दुसऱ्यात ४.५ टक्के होते. सोडणाऱ्यांचे मन त्यामुळे अधिक बिघडल्याचे आढळले नाही. म्हणजे दोन्ही उपचार एकत्र हवेत. हे आकडे आणखी एक गोष्ट सांगतात: तज्ज्ञांच्या मदतीनेही शंभरातले नऊच टिकले. तेव्हा कुणाची विडी पुन्हा सुरू झाली, तर त्याला नालायक ठरवू नका. पुन्हा तारीख ठरवा.

आपल्याकडे काही जण अशा माणसाला पंचशीलाचा धाक घालतात. पाचव्या शीलाचे शब्द मद्याविषयी आहेत. गाफील करणाऱ्या व्यसनापासून दूर राहावे, हा त्याचा आशय तंबाखूलाही लावता येईल. पण शील ज्याचे त्याने स्वतःहून घ्यायचे असते. दुसऱ्याला झोडपण्याची ती काठी नव्हे. विहारात अपमान झालेला फौजी विहार सोडतो, विडी सोडत नाही.

मग करायचे काय? सोडण्याची तारीख त्यालाच ठरवू द्यावी. दिवाळी आणि साथीदार गेल्याचा दिवस टाळावा. पहिले एक-दोन आठवडे कठीण जातात. तलफ आली की पाणी प्यावे, चार पावले चालावे, जुन्या सहकाऱ्याला फोन करावा. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. विडीऐवजी तंबाखू-चुना किंवा मिश्री धरणे म्हणजे सोडणे नव्हे. निकोटिनची गोळी चघळायची तर डॉक्टरांना विचारूनच. मनोविकाराचे औषध चालू असेल तर विडी सोडत असल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण काही औषधांची मात्रा बदलावी लागते. काही मिनिटे डोळे उघडे ठेवून आनापान करायला हरकत नाही. मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय त्याला दहा दिवसांच्या शिबिरात बसवू नये. जीव नकोसा झाल्याचे तो बोलला, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

सिव्हिल हॉस्पिटल आहे. माजी सैनिक आरोग्य योजनेचे कार्ड असल्यास तिचा दवाखाना आहे. दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. विद्यार्थी मित्रहो, विहाराच्या फळ्यावर दोन विनामूल्य क्रमांक लिहा: मनाच्या त्रासासाठी १४४१६ आणि तंबाखू सोडण्यासाठी १८०० ११ २३५६. पहिला फोन लावताना काकांच्या शेजारी बसा.

१ जानेवारीला आपण भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देतो. आपल्याच गल्लीत एखादा सैनिक रात्रभर जागा असतो. त्याच्याही दारी जाऊ या, त्याचे ऐकून घेऊ या आणि दवाखान्यापर्यंत त्याच्यासोबत चालू या.

नमो बुद्धाय! जयभीम!