यंत्राचे माप कोण वाढवणार?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज कापसाच्या भावाबद्दल बोलत नाही, यंत्राच्या मापाबद्दल बोलतो. आपल्या पंपाचे सुटे भाग ज्या लेथवर कातले जातात, ते लेथ कारखान्यांतून आता संगणक चालवतो. त्या संगणकाची आज्ञावली बंद पेटीत असेल, तर दुरुस्तीला कंपनीचाच माणूस लागतो. तो खर्च सुट्या भागाच्या किमतीत चढतो आणि धाराशिवच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या माथी बसतो.

लिनक्ससीएनसी ही अशीच एक आज्ञावली, पण खुली. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेत तिचा उगम झाला. ती फुकट मिळते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती वाचता येते, बदलता येते.

तिच्या आत आकडे वाहून नेणारी मुळात चार मापे होती. एक, होय की नाही सांगणारे. दुसरे, अपूर्णांकाचे. उरलेली दोन पूर्णांकांची, ३२ खणांची. त्यांतल्या उणे-अधिक मोजणाऱ्या मापात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच आकडा मावतो. चाकाच्या एका फेऱ्याला १०,००० खुणा आणि सेकंदाला एक फेरा धरा. साठ तासांच्या आत माप भरते. पुढची खूण पडली की आकडा एकदम उणे दोनशे चौदा कोटींवर जातो! पायलीत पोते ओतले तर ज्वारी सांडते, ती निदान दिसते तरी. इथे सांडलेले दिसतही नाही.

ही गंमत नव्हे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ रॉकेट उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाले. ६४ खणांचा आकडा १६ खणांच्या मापात घालायला गेले, तो मावला नाही.

लिनक्ससीएनसीत पुढे ६४ खणांची मापे आली. पण नवे माप नुसते आणून ठेवून भागत नाही. आकडा साठवणारा, दाखवणारा, जुळणीची फाईल वाचणारा, अशा प्रत्येक भागाला ते शिकवावे लागते. ३२ खणांच्या संगणकावर मोठा आकडा दोन हप्त्यांत वाचला जातो. मधेच तो बदलला तर अर्धा जुना, अर्धा नवा असा खोटाच आकडा हाती येतो. शिवाय जुनी आणि नवी मापे थेट जोडता येत नाहीत, मधे रूपांतर करणारा भाग बसवावा लागतो.

हे काम कष्टाचे आहे, पण ज्याला गरज आहे त्याला ते करता येते. कुणाच्या परवानगीसाठी थांबावे लागत नाही. म्हणून गटाचे किंवा सोसायटीचे यंत्र घेताना किमतीच्या आधी तीन प्रश्न विचारा. आज्ञावली वाचायला मिळेल का? आपला माणूस ती बदलू शकेल का? कंपनी बंद पडली तर यंत्र चालेल का? उत्तरे लेखी घ्या, मगच पैसे मोजा.